बारावी सुई

एकाहत्तरच्या डिसेंबरात जबलपूरला अधारतालच्या क्वार्टरांमध्ये दुपारी एक वाजला की बायका सत्यभामाकाकूंच्या अंगणात जमायच्या. कुणाच्या हातात लोकरीची पिशवी, कुणाच्या काखेत जुनं लुगडं. लढाई सुरू होऊन चार दिवस झाले होते. लष्करी सामानाच्या कारखान्यात नवऱ्यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या होत्या. घरात एकटीनं रेडिओ ऐकत बसण्यापेक्षा इथं बसलेलं बरं, असं प्रत्येकीला वाटायचं. म्हाताऱ्या बायका स्वेटर विणायच्या, ज्यांना खाली वाकवत होतं त्या गोधड्या शिवायच्या. शहरातल्या एका शाळेत जखमी जवानांसाठी खाटा टाकल्या होत्या. थंडी कडाक्याची होती आणि तिथं पांघरुणं पुरत नव्हती.

विनीता त्यांच्यात सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची. लग्न होऊन वर्ध्याहून आल्याला तिला सातच महिने झाले होते. नवरा विनय कारखान्यात फिटर. तिचा टाका बारीक आणि सरळ पडायचा, म्हणून काकूंनी पहिल्याच दिवशी तिला गोधडीवर बसवलं. बसवताना बजावलं, की गोधडीच्या जाड सुया बारा आहेत. त्या पत्र्याच्या डब्यातून मोजून मिळतील आणि मोजून परत द्यायच्या.

"सुई हरवली तर लगेच सांगायचं," काकू म्हणाल्या होत्या. "पांघरणारा माणूस जखमी आहे, एवढं ध्यानात ठेव."

काकूंचा आवाज मोठा नव्हता. पण त्यांचे यजमान रामराव, कारखान्यातले फोरमन, तेसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलायचे. विनीताला तर त्यांची भीतीच वाटायची.

मंगळवारी दुपारी भोंगा वाजला. एरवी तो पाळी सुटताना एका दमात वाजे. आज तो वरखाली व्हायला लागला आणि थांबेचना. शेजारी त्याच गोधडीवर शिवत असलेल्या नंदानं विनीताचा दंड धरला आणि ओढलं. सगळ्या जणी क्वार्टरांमागच्या मैदानात खणलेल्या खंदकाकडे धावल्या. विनीता ओल्या मातीत तोंड खुपसून पडली. वर काही घोंघावतंय का ते तिला कळत नव्हतं, कारण कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं. शेजारी कुणीतरी रामरक्षा म्हणत होतं आणि सारखी तीच ओळ परत परत येत होती. कारखान्यावर बाँब पडला तर विनय कुठे असेल, कुठल्या भिंतीखाली, हेच तिच्या डोळ्यांसमोर येत राहिलं.

काही पडलं नाही. पाऊण तासानं धोका टळल्याचा भोंगा झाला. सराव होता की खरं होतं, ते कुणालाच कळलं नाही. बायका कपडे झटकत अंगणात परतल्या. गोधडी पायांखाली तुडवली जाऊन गोळा झाली होती. विनीतानं आपला दोरा शोधला. दोऱ्याचं टोक मोकळं होतं. सुई नव्हती.

तिनं गोधडीवरून हात फिरवला, चटई उचलून पाहिली, पदर झटकला. खंदकापर्यंत हातात होती का? आठवेना. मागे काकूंनी डबा उघडला होता.

"काकू, चुलीवर दूध राहिलं," असं म्हणून ती दोन क्वार्टरं पलीकडे आपल्या घरी गेली. माहेरून आणलेल्या ट्रंकेत एक सुई होती. ती घेऊन आली आणि डब्यात टाकली. काकूंनी मोजल्या. बारा भरल्या. त्यांनी विनीताकडे एकदा पाहिलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी नंदानं उरलेले टाके घातले, आणि ती जांभळ्या काठांची गोधडी बाकीच्या पंचवीस गोधड्यांबरोबर गठ्ठ्यात बांधून गेली. विनीता त्या सकाळी अंधुक उजेडातच अंगण झाडायला पोचली होती. काकू म्हणाल्या, पोरीला स्वस्थ बसवत नाही. ती मातीतून बोटं फिरवत होती. मग खंदकात उतरून तिथंही शोधलं. एक बटण आणि काचेचा तुकडा सापडला.

त्यानंतर तिला जेवण जाईना. विनयनं विचारलं, "काहून अशी करून राहिली? लढाईची भीती वाटते?"

"हो," ती म्हणाली.

"आपल्याकडे काय येत नाही विमान. जबलपूर लई आतमध्ये आहे." मग म्हणाला, "काल स्टेशनवर गाडी आली. जखमी होते. एकाचे दोन्ही हात बांधलेले होते, त्याला दुसरा पाणी पाजत होता."

हात बांधलेला माणूस आपल्या अंगात घुसलेली सुई कशी काढेल, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ताट बाजूला सारलं. सांगावं असं तिला रोज वाटायचं. रोज अंगणात गेल्यावर काकूंचं तोंड पाहिलं की शब्द आत जायचे. खोटं बोलून चार दिवस झाले होते, आणि आता नुसती सुई नव्हे, ते खोटंही सांगावं लागणार होतं.

शनिवारी काकूंनी सगळ्यांना एक चिठ्ठी वाचून दाखवली. शाळेतल्या त्या इस्पितळातून आली होती. गोधड्या काल संध्याकाळी जवानांना वाटल्या, फार उपयोग झाला, असं लिहिलं होतं. बायकांना बरं वाटलं. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि विनीता त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. दारातच उभं राहून तिनं सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून ती थांबली नाही.

काकूंनी स्टोव्ह बंद केला.

"कोणती गोधडी?"

"जांभळ्या काठांची."

"चप्पल घाल," काकू म्हणाल्या.

सायकलरिक्षात दोघी बसल्या. गोहलपुरातून जाताना रस्त्यात हातगाड्या अडकल्या होत्या आणि रिक्षावाला घंटी वाजवत होता. काकू समोर बघत होत्या. आता या बोलतील, विनयला सांगतील, माहेरी वर्ध्याला पत्र जाईल, असं विनीताच्या मनात येत होतं. पण काकू म्हणाल्या ते वेगळंच होतं.

"बारावी सुई आपली नव्हती. बारीक होती. मी पाहिलं होतं."

विनीतानं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"विचारलं असतं तर सगळ्या गोधड्या उसवून पाहाव्या लागल्या असत्या. सकाळी गाडी यायची होती. मी म्हटलं, आणली असेल पोरीनं घरून सहज. मला तसं मानायचं होतं म्हणून मी मानलं." त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. मग पुढं वाकून रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं. विनीताला वाटलं होतं, या बाईला कशाची भीती नसेल. ती घाई पाहून तिची स्वतःची भीती दुप्पट झाली.

फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. काकूंनी त्याला शांतपणे सांगितलं, "भैया, एक रजाई में सुई रह गई है. अंदर जाने दो, नहीं तो सिस्टर को बुलाओ." तो आत गेला. परत येईपर्यंतचा वेळ विनीता फाटकाच्या गजांना धरून उभी होती.

सिस्टर केरळकडच्या होत्या, थकलेल्या डोळ्यांच्या. त्यांनी ऐकलं आणि प्रश्न न विचारता त्या पुढे चालू लागल्या. वर्गातली बाकं काढून दोन रांगांत खाटा मांडल्या होत्या. फळ्यावर कुणाची तरी गणितं अजून पुसायची राहिली होती. जांभळे काठ विनीताला लांबूनच दिसले. खिडकीकडची खाट.

त्या खाटेवर पंचविशीतला एक शिपाई उताणा पडला होता. पाठीला गोळीचे तुकडे लागले होते. दोघींचं मराठी कानावर पडताच त्यानं मान वळवली.

"तुम्ही आपल्याकडच्या का? मी भाऊराव. मूर्तिजापूरजवळचा."

"हो भाऊ," काकू म्हणाल्या. "गोधडी जराशी पाहायची आहे."

त्यांनी आणि विनीतानं गोधडी उचलून दोन्ही बाजूंनी चाचपली. वीतवीत दाबून पाहिली. अस्तराला एका ठिकाणी भोक पडलेलं होतं, सुई आतून बाहेर निघाली असावी तसं. सुई मात्र नव्हती. सिस्टरांनी चादर बाजूला केली. पायजम्यावर मांडीपाशी मोहरीएवढा तांबडा ठिपका होता आणि त्यातून सुईचं नेढं वर आलं होतं. बाकी सगळी सुई आत होती.

सिस्टरांनी कापूस घेतला आणि ती सावकाश ओढून काढली. भाऊराव खिडकीकडे पाहत होता.

"सापडलं काय?" त्यानं विचारलं.

त्यानं सिस्टरांच्या हातातली सुई पाहिली, मग कापसावरचं रक्त पाहिलं.

"ताई," तो विनीताला म्हणाला, "कुठं होती?"

विनीतानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर खाली घातली.

"मांडीत," विनीता म्हणाली.

"माझ्या?"

"हो."

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, पाठीची सूज उतरली की पायात जीव येईल. तो त्याच आशेवर होता. काल तर त्याला वाटलं होतं, अंगठा हलला.

"हात ठेवा बरं तिथं," तो म्हणाला.

तिनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. मांडी गरम होती, कुणाचीही असते तशी.

"ठेवला?"

"ठेवला."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. विनीतानं हात काढला नाही, कारण काढला तरी त्याला कळणार नव्हतं आणि ते तिला सहन होईना.

डॉक्टर आले. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पू झाला तर पाय जाऊ शकतो, लक्ष ठेवावं लागेल, असं सिस्टरांना इंग्रजीत सांगून गेले. सिस्टरांनी ते काकूंना हिंदीत सांगितलं.

सोमवारी त्याला ताप चढला. विनीता आणि काकू रोज दुपारी तिथं जायच्या, अंगणातल्या कामाचं नंदा बघायची. काकूंनी त्या अगोदरच सगळ्यांसमोर झालेलं सांगून टाकलं होतं, विनीताचं आणि स्वतःचंही. स्वेटर विणणाऱ्यांतल्या बेबीताई एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातून झालं असतं तर मीही लपवलं असतं," आणि विणायला लागल्या. विनयला विनीतानं स्वतः सांगितलं. तो त्या दिवशी कामावर जाताना इस्पितळाच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत आला.

मंगळवारी मांडी लाल झाली. तो बडबडत होता आणि कुणाला तरी बैल सोडायला सांगत होता. विनीता पट्ट्या भिजवून कपाळावर ठेवत होती. हा माणूस आपल्यामुळे गेला तर आपण वर्ध्याला आईसमोर उभं कसं राहायचं, याच्यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्याला घाम फुटला आणि ताप उतरला. सिस्टरांनी सूज दाबून पाहिली आणि पहिल्यांदा हसल्या.

गुरुवारी ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आल्याचं रेडिओवर सांगितलं. रस्त्यावर फटाके वाजायला लागले तसे खाटांवरचे दोघेतिघे दचकून उठून बसले. भाऊरावनं विनीताला खिडकी लावायला सांगितली.

तो तिच्यावर कधी रागावला नाही. एकदाच म्हणाला, "पायांचं कधी तरी कळणारच होतं. पण मला आणखी आठ दिवस चाललं असतं."

जानेवारीत त्याला पुण्याला हलवलं. मार्चमध्ये काकूंच्या पत्त्यावर त्याचं पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. पायांचं घरी कळवलेलं नव्हतं, आता कळवलं, असं त्यात लिहिलं होतं. बायको लहान मुलीला घेऊन पुण्याला आली आहे, रडली, मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटून सगळं नीट विचारून आली. चाकांची खुर्ची मिळणार आहे.

विनीतानं ते अंगणात मोठ्यानं वाचलं. काकूंनी चष्मा काढून पुसला.

"मुलीचं नाव लिहिलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग विचार त्याला. आजच लिही."