अरुंद पात्याचं खुरपं

पंचफुलाबाईंनी खुरप्याचं पातं दुकानाच्या पायरीवर हलकेच आपटलं, कानाशी नेलं आणि परत ठेवून दिलं.

"बद्द वाजते."

रहमतुल्लाने दुसरं पुढे केलं. मुठीला हिरवा रंग, वर चकचकीत कागद. बाईंनी मूठ पिळली. ती जागच्या जागी किंचित फिरली.

"याचं शेपूट मुठीत अर्ध्यातच हाय. लाख भरून चिकटवलं. वल्ल्या मातीत निखळते."

"आई, खुरपं घेऊन राहिल्या का जावई पाहून राहिल्या?"

"जावई कच्चा निघाला त निभावते, बापा. खुरपं नाई निभत."

तो हसला. रश्मी, त्यांची सून, हसली नाही. रात्रपाळी संपवून ती दवाखान्यातून थेट राजापेठेत आली होती आणि खांबाला टेकून उभी होती. डोळे मिटले की अंगण. सोमवारी तिथे फरशी बसायची होती. गोडलिंबावर, मोगऱ्यावर, वांग्याच्या वाफ्यावर. पावसाळ्यात सासूबाई त्याच चिखलात घसरून अंथरुणाला खिळल्या होत्या. भांडं देणं, कूस बदलणं, अंग पुसणं. दवाखान्यात तेच, घरी तेच. पुन्हा तिला जमणार नव्हतं. फरशीचा रंगही ठरला होता. सासूबाईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं. नवरा, अनुप, म्हणाला होता, तूच सांग.

सांगायचं. आता. खुरपं घ्यायच्या आधी.

"आत्याबाई, सोमवारी..."

"थांब वं. याचं होऊ दे."

नाही सांगितलं.

"तण निंदायलेच पायजे ना?" रहमतुल्लाने विचारलं. "मंग हे रुंद घ्या."

"अरुंद दाखव. लांब पात्याचं."

तो आत गेला. ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यापासून बनवलेलं एक खुरपं घेऊन आला. रंग नाही, शेपूट मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवलेलं. बाईंनी ते पायरीवर आपटलं. आवाज बराच वेळ राहिला. त्यांनी मूठ धरून पाहिली नाही. खुरपं सरळ रश्मीसमोर केलं.

"धर."

रश्मीने धरलं.

"त्या हातानं नाई. भाजी चिरते, त्या हातानं."

माहेरी मार खाऊन खाऊन चारचौघांत उजवा हात पुढे करायची तिला सवय लागली होती. तिने खुरपं डाव्या हातात घेतलं. बाईंनी तिची बोटं एकेक करून मुठीवर मिटवली. शेवटचं पुरेसं वळेना.

"जाड होते. मूठ घासून दे, बापा. आन धार डावखुऱ्याची लाव."

"पण वापरणार तर तुम्ही ना?" रश्मी म्हणाली.

बाईंनी खुरपं तिच्या हातातून घेऊन रहमतुल्लाला दिलं. रहमतुल्लाने कानस चालवली, मग मशीन लावली. ठिणग्या पायरीपर्यंत येऊन विझत होत्या. बाई त्यांच्याकडे पाहत बोलायला लागल्या, मशीनच्या आवाजातच, मोठ्याने.

"गोडलिंबाचं मूळ खोल गेलं. रुंद पात्यानं तुटते. चवूभवती सावकाश उकर, मातीचा गोळा फुटू देऊ नोको. मोगरा मंग. शालूनं बडनेऱ्याले जागा करून ठेवली. लेकीच्या दारात जगतीन."

मशीन थांबली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? फरशीवाला माप घ्याले आला, तू ड्युटीवर होती. त्याच्या फित्याचं दुसरं टोक कोनं धरलं मंग?"

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. रश्मीने ओढणीने मान पुसली, मग उगाच पुन्हा पुसली.

"तुम्हीच काढा, आत्याबाई. मी माती धरते."

"माह्या हातानं नाई होत," बाई म्हणाल्या.

रहमतुल्लाने पातं फडक्याने पुसलं आणि दोघींच्या मधोमध धरलं. बाई वळल्या होत्या. पायरी उतरायला आधार चाचपत होत्या. रश्मीने खुरपं डाव्या हातात घेतलं. पातं अजून गरम होतं. उजवा हात तिने बाईंना दिला.