कांद्याची मुळं

ऐक गं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

आपल्या कॉलेजच्या बायो लॅबमधले अटेंडर, कडोलीचे भावकूअण्णा. सव्वीस वर्षं एकच काम. बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवायचे, मुळं पाण्यात सोडायची, आणि सकाळची नेमकी वेळ साधून टोकं कापायची, कारण पेशींची फूट तेव्हाच जास्त दिसते. शिक्षण सातवी. पण मधल्या सुट्टीत दार लोटून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. आतले धागे दोन टोकांना ओढले जातात, मग मधोमध एक बारीक रेघ उमटते, ती दोन्हीकडं सरकत कडांना भिडते की झाली भिंत. एकीच्या दोन पेशी. हे सगळं त्यांना तोंडपाठ.

त्यांचीच पोरगी तेजस्वी, तिथंच बारावीला. पहिल्याच दिवशी तिनं बजावलेलं, कॉलेजात वळख द्यायची न्हाय. अण्णा बरं म्हणाले. दोन वर्षं एकाच बसनं यायचे आणि दोन दारांनी उतरायचे.

परवा प्रॅक्टिकल. चिठ्ठीत तिला आलं कांद्याचं मूळ. स्लाइड अण्णांनीच केलेली, एकदम झकास. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, भिंत सुरू कुठनं होते? ती म्हणाली, कडेनं, आवळत आवळत आत. सर म्हणाले, ते प्राण्यांच्या पेशीत, कांद्यात सांग. तिनं परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. या मार्कांवर तिची पुढच्या कॉलेजची सीट.

मागं बेसिनपाशी काचा पुसणाऱ्या अण्णांचा हात थांबला. दोन वर्षं आवरलेलं तोंड सुटलंच.

"मधनं गं तेजू. मधनं सुरू हुती, मग कडंला जाती."

सर वळले. हे तुझे कोण? घरचं माणूस निघालं तर परीक्षा रद्द, तिथंच सांगितलं. अण्णा पुढं झाले. कोण न्हाय सर, एवढं त्यांनी म्हटलं असतं की. तिनं म्हणूच दिलं नाही.

"कोण न्हाईत सर. सगळ्या पोरींस्नी हे असंच लाडानं हाका मारतात. आम्हाला कसंतरीच हुतंय."

आम्हाला, म्हणाली. बाकीच्या पोरी मायक्रोस्कोपवर वाकल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

नवे प्रिन्सिपल आले, कागद तयार झाला. मुलींशी गैरवागणूक केली, माफी असावी, उद्यापासून लॅबमध्ये पाऊल टाकणार नाही. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग पोरीकडं बघितलं. ती खाली मान घालून आकृती काढत होती. भिंत मधनं सुरू केलेली. अगदी बरोबर.

ते बघितलं आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती, अण्णा दांडा धरून उभेच. कडोली यायला आली तेव्हा ती खिडकीकडं बघतच म्हणाली, "मला येत हुतं अण्णा. तुमी उगंच बोललासा."

आज सकाळी मी लॅबमध्ये गेले तर कांदे बाटल्यांवर तसेच. मुळं पार तळाला टेकलेली. कापायची वेळ टळून गेलेली.

आता सांग. तो कागद तुझ्यापुढं आला असता, तर तू काय केलं असतंस?