दोन थेंब मेण

सगळे त्याला मिस्त्री म्हणत, पण आयुष्यात त्याने एक वीट रचली नव्हती. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे, टेबलाएवढ्या जागेत तीस वर्षं बसून त्याने चर्चच्या अर्ध्या मंडळीच्या चावण्याची सोय केली होती. डॉक्टरीणबाई पुढे ठसे घ्यायच्या. हा मागे त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात दात रचायचा, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी पक्की करायचा, घासून चकाकी आणायचा. तीस वर्षांत त्याच्या हातची एकही कवळी तक्रार घेऊन परत आली नव्हती. हे तो स्वतः कधी बोलत नसे. दुसऱ्यांनी बोलावं अशी व्यवस्था मात्र करत असे.

रविवारी तो चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसे. गाणी खड्या आवाजात म्हणे, आजाऱ्यांना भेटायला जाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की त्याला खोकला यायचा. एकोणीस वर्षं, बरोबर त्याच ओळीला. बायकोच्या ते लक्षात आलं होतं. तिने पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. देवाच्या काही लक्षात आलं नसेल अशी मिस्त्रीची समजूत होती. माणूस देवाला कधी कधी फारच भोळा समजतो.

खोकल्याचं कारण पहिल्या बाकावर बसायचं. त्यांना मास्तर म्हणत. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण रविवारचा शास्त्रपाठ कोणी वाचायचा ती यादी अजून तेच करायचे आणि चारातले तीन रविवार स्वतःच वाचायचे. त्यात कुणाची हरकत नव्हती. आवाजच तसा होता. मास्तरांनी बायबलातली नुसती वंशावळ वाचली, अमक्याला अमका झाला, तरी माणसं माना डोलवत.

एकोणीस वर्षांपूर्वी मिस्त्रीची आई गेली तेव्हा अंत्यविधीचा पाठ मुलाने वाचावा असं ठरलं. तो उभा राहिला. तीन ओळी वाचल्या आणि चौथीला गळा दाटून आला. शब्दच फुटेना. मंडळी थांबली. आणखी जरा थांबली असती. मेलेल्या माणसाला कसली घाई असते? पण मास्तर उठले, शांतपणे पुढे आले, त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि उरलेला पाठ वाचून टाकला. फार सुंदर वाचला. कबरीवर माती लोटताना मागे दोन बायका बोलत होत्या, "मास्तर होते म्हणून बरं, नाहीतर..."

त्या 'नाहीतर'वर मिस्त्रीने एकोणीस वर्षं काढली. पुन्हा कधी पुस्तक हातात घेऊन उभा राहिला नाही. यादीत नाव घालू का, असं मास्तरांनी दोनदा विचारलं, तेव्हा हसून म्हणाला, "आम्ही आपले ऐकणारे." पोटात काय होतं ते पोटातच राहिलं आणि तिथे चांगलं मुरलं.

मग यंदा मास्तरांचे उरलेसुरले दात डॉक्टरीणबाईंनी काढले आणि हिरड्या भरून आल्यावर त्यांचा ठसा मिस्त्रीच्या टेबलावर आला.

त्याने काम मन लावून केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट काम आळशी माणसाच्या हातून होतं असा एक गैरसमज आहे. मेणातली कवळी मास्तरांच्या तोंडात घालून डॉक्टरीणबाईंनी त्यांना सासू, सून, सहासष्ट असं सगळं म्हणायला लावलं. मास्तर स्वच्छ बोलले. कवळी टेबलावर परत आली, सोबत चिठ्ठी: छान, पक्की करा.

त्या दुपारी मिस्त्रीने चमचा तापवला आणि पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर, जिथून 'स'चा वारा बाहेर पडतो तिथे दोन्ही बाजूंनी मेणाचा एकेक थेंब सोडला. मधली वाट अरुंद झाली. नवशिक्याच्या हातून हे चुकून होतं, आणि मग माणूस 'स' म्हणायला गेला की शिटी वाजते. मिस्त्री नवशिका नव्हता. जरा भक्कम असलेली बरी, म्हातारा माणूस आहे, हातातून पडली तर तुटायला नको, असं तो स्वतःशी म्हणाला. स्वतःशी खोटं बोलायलाही थोडा सराव लागतो. त्याला एकोणीस वर्षांचा होता. मेणाची जागा प्लास्टिकने घेतली, त्याची कवळी झाली, तिला चकाकी आली.

पुढच्या रविवारी मास्तर वाचायला उभे राहिले. पहिल्याच वाक्यात शिटी वाजली. मास्तर थांबले. ओठ ओले केले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिटी. लहान मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. गाणाऱ्यांच्या बाकावर कुणीतरी रुमालात तोंड लपवलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला, मग पुस्तक मिटलं आणि खाली येऊन बसले. राहिलेला पाठ पाळकांनी वाचला.

मिस्त्रीला बरं वाटलं. उगाच कशाला लपवा, फार बरं वाटलं. जीव थंड झाला. त्या रविवारी क्षमेच्या ओळीला त्याला खोकला आला नाही.

घरी जाताना बायको म्हणाली, "बिचारे मास्तर. कसं तोंड झालं होतं त्यांचं."

"नवी कवळी आहे. सवय होईल."

"तुम्ही बघा ना जरा एकदा."

"बघायला काय आहे त्यात? माझ्या हातची आहे."



सहा आठवडे गेले. यादीतून मास्तरांचं नाव गेलं. त्यांनी स्वतःच खोडलं. आता पाठ वाचायला कुणी ना कुणी उभं राहायचं, अडखळायचं, आणि लोक घड्याळाकडे बघायचे. मिस्त्रीला वाटलं होतं, हा गोडवा वर्षभर पुरेल. तो दोन आठवड्यांतच संपला. मग नुसती तोंडाला चव नाही अशी गत झाली. फिटांफीट झाल्यावर माणसाला झोप लागायला हवी. याची उडाली.

एका गुरुवारी तो टेबलावर बसला असताना पार्टिशनपलीकडून शिटी ऐकू आली.

"डॉक्टर, याचं काही करता येईल का?" मास्तर विचारत होते. "चर्चचं राहू द्या हो. तिथे वाचणारे पुष्कळ आहेत. घरचा प्रश्न आहे."

"घरचा काय?"

"तुम्हाला माहीत आहे, हिला आता कुणी ओळखू येत नाही. तोंडावरून मीसुद्धा नाही. पण रोज पाचला मी वाचायला बसलो की आवाजावरून ओळखायची. 'आलात?' म्हणायची. तेवढंच एक उरलं होतं. आता म्हणते, हा शिट्या मारणारा कोण आणलाय घरात? हाकला त्याला. काल पुस्तक फेकून मारलं."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बाहेर काढून बघितली असावी. मग म्हणाल्या, "मास्तर, तीस वर्षांत मिस्त्रींची एक कवळी परत आलेली नाही. दातांत काही नाही. जिभेला वळण लागायला वेळ लागतो, या वयात जरा जास्तच."

"हो, खरं आहे," मास्तर म्हणाले. "त्याच्या हाताबद्दल प्रश्नच नाही. माझ्याच जिभेचा दोष."

पाटीवर कोरून घ्यावी अशी ही स्तुती होती. मिस्त्रीने ती ऐकली, फडकं खाली ठेवलं आणि काम तसंच टाकून घरी निघाला.

घरी येऊन तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला. बायकोने दार लोटून घेतलं. त्याने देवाला पहिल्यांदा सगळं सरळ सांगितलं: आईचं, पुस्तकाचं, मेणाचं. म्हणाला, हा राग घे माझा, मला नको आता, मी याला पोसून पोसून थकलो. आणि राग गेला. खरोखर गेला, त्यालाच नवल वाटलं. एकोणीस वर्षं जे छातीशी धरून ठेवलं होतं ते इतकं हलकं निघावं याची लाजही वाटली.

पण मागून दुसरं काहीतरी वर आलं आणि ते हलेना. तो देवाशी घासाघीस करू लागला. मी जातो, गुपचूप घासून देतो, शिटी बंद करतो. त्या बाईला तिचा माणूस परत मिळाला की झालं. बोलायची काय गरज आहे? बोललो तर तीस वर्षांचं नाव मातीत जाईल. लोक काय म्हणतील? बायको काय म्हणेल? राग घे, पण एवढं माझ्याकडे राहू दे. देव काही बोलला नाही. हो समजून मिस्त्री उठला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तो लहान मोटर आणि घासायची हत्यारं पिशवीत घालून मास्तरांच्या दारात उभा राहिला. "जरा बघू म्हटलं."

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांना कवळी पटकन काढता येईना. मिस्त्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला. कुठे घासायचं ते शोधावं लागलं नाही. दहा मिनिटांत गुलाबी भुकटी कागदावर पडली. कवळी धुऊन त्याने मास्तरांच्या हातात दिली.

"सासू," मास्तर म्हणाले. "सून. सहासष्ट." मग त्यांनी डोळे पुसले. "चल आत. तिला ऐकवू."

आतल्या खोलीत मास्तरांची बायको उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर. मास्तर खुर्चीवर बसले आणि मेंढपाळाचं स्तोत्र वाचू लागले. तोच आवाज. भरलेला, सावकाश, एक अक्षर इकडेतिकडे नाही. ती मान कलती करून ऐकत होती. तिचा चेहरा उघडत गेला, आणि मिस्त्रीने दाराशी उभं राहून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

वाचून झालं. ती हसली.

"छान वाचता हो तुम्ही," ती म्हणाली. "आमचे हेसुद्धा अगदी असंच वाचायचे."

मास्तर म्हणाले, "हो का?" आणि पुस्तकातली खुणेची फीत नीट केली.

बाहेर आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. "मधे सहा आठवडे गेले ना," ते म्हणाले. "तेवढ्यात आवाजावरून ओळखणंही विसरली असेल. असू दे. येईल कदाचित परत. पण तू आलास. कुणी बोलावलं नसताना आलास. मी रविवारी उभा राहून सांगणार आहे मंडळीला, असा माणूस आहे आपल्यात." आणि त्यांनी मिस्त्रीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "देव या हातांना यश देवो."

इथे निघता आलं असतं. पिशवी हातात होती, दार उघडं होतं, आणि वर आशीर्वाद मिळाला होता. मिस्त्रीने हात सोडवून घेतले.

"मास्तर, तुमच्या जिभेचा दोष नव्हता. कवळीचाही नव्हता. मी मुद्दाम मेण सोडलं होतं. दोन थेंब. शिटी वाजावी म्हणून."

मास्तरांना ते समजायला वेळ लागला. "का?"

"आईच्या अंत्यविधीला तुम्ही माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलंत."

मास्तर आठवायचा प्रयत्न करू लागले. प्रामाणिकपणे करत होते, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "घेतलं असेन. मला नाही आठवत रे."

मिस्त्रीला वाटलं होतं, ते रागावतील, किंवा माफी मागतील, किंवा निदान कारण सांगतील. ज्याच्यावर एवढी वर्षं डूख धरला त्या माणसाच्या गावीही नव्हतं.

"मला क्षमा करा," तो म्हणाला.

मास्तरांनी बंद दाराकडे बघितलं. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा मिस्त्रीच्या ओळखीचा झाला होता. दाढी करताना आरशात तो त्याला रोज दिसायचा.

"किती वर्षं झाली त्याला?"

"एकोणीस."

"एकोणीस," मास्तर म्हणाले. "माझा आज पहिला दिवस आहे. आत्ता तुला क्षमा केली म्हणालो तर ते खोटं होईल. जा तू."

आतून तिने विचारलं, "ते वाचणारे गेले का?"

"नाही, आहे मी," मास्तर म्हणाले, आणि दार उघडून आत गेले.

मिस्त्री बाहेर पायरीवर उभा राहिला. नाव, तीस वर्षं, डॉक्टरीणबाई, लोक, यातलं काहीच त्याच्या मनात आलं नाही. त्याने आपल्यासाठी काही मागितलंच नाही. प्रभू, एवढंच त्याच्या तोंडून निघालं, मी दिलेलं हे त्यांच्यात मुरू देऊ नकोस. खिडकीतून मास्तरांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक 'स' स्वच्छ होता.