मोटर कोणी भरली?

“केशव फौजेत गेला तर माह्या मांगं हे दुकान कोण पाहीन?” बाबांनी विचारलं. विचारलं नत्थूजींना, पण आवाज असा की इंदोरा चौकापर्यंत जावा. “कोणीच नाही. कुलूप लागन, कुलूप!”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. दुकान आणि आमची राहती खोली यांच्यामध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या आत मी, मांडीवर कूलरची मोटर, हातात तांब्याची तार. म्हणजे त्या घटकेला दुकान दुसरं कोण पाहत होतं? आणि बाबा म्हणतात, कोणीच नाही! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की धरलेली तार सुटली आणि अर्धी गुंडाळी उलगडून गेली. ती पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली. तीही मलाच.

कामठी रोडवर आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर आली की तिच्यातली जळकी तार उपसून काढायची, खाचांमध्ये नवा कागद घालायचा, नवी तार गुंडाळून बसवायची, वर वार्निश. याला आमच्या धंद्यात मोटर भरणं म्हणतात. दादाजी मिस्त्रींनी भरलेली मोटर पुन्हा जळत नाही, असं बाबांचं नाव होतं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. तार हाताला लागायची, खाच दिसायची नाही. माझा भाऊ केशव तेव्हा आयटीआयला जात होता. घरात रिकामे होते ते माझे हात. बाबांनी माझी बोटं स्वतःच्या बोटांत धरून मला सगळं शिकवलं, आणि ज्या दिवशी माझी पहिली मोटर चालली त्याच दिवशी मध्ये पडदा बांधला.

“पोरीच्या हातची मोटर कोणी घेत नाही,” असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकांना सांगायचं, पोरगा भरतो. केशव आयटीआय करून आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. मोटर उघडायची, बिघाड शोधायचा, शेवटी जोडून चालवून दाखवायची, हे त्याचं काम, आणि त्यात तो तरबेज होता. भरणं माझं. वाहवा त्याची. होळी झाली की सारं नागपूर माळ्यावरून कूलर उतरवतं. मग जूनपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसायची.

वर आईचं निराळंच. “भुंड्या हातानं बसू नोको वं वच्छला, लगनाची पोरगी तू.” म्हणून हातभर हिरव्या बांगड्या घालून मी तार गुंडाळायची. त्या कोपरापर्यंत चढवून दोऱ्याने बांधायची, तरी घसरायच्या. एकदा मौद्याच्या चंपतरावांची पंपाची मोटर भरताना एक फुटली. तुकडे वेचले, जोडून पाहिले, तर एक कमी. खोलीभर झाडलं, सापडला नाही. मी गप्प बसले. मोटर गेली आणि चांगली चालली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

हे चंपतराव गमतीचे. शेताच्या धुऱ्यावरून ओरडायची सवय असलेला आवाज, डोक्याला उपरणं. दुकानात आले की बाबांशी बोलायचे, केशवशी बोलायचे, आणि जाताना रामराम घालायचे पडद्याकडे पाहून. मी समजायची, म्हाताऱ्याचे डोळे तिरळे असतील.

तर त्या दिवशी नत्थूजी बाबांची समजूत घालत होते. नत्थूजी आमच्याच गल्लीतले, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनीच केशवला कामठीच्या छावणीत नेलं होतं. तिथे त्याला बंद पडलेली यंत्रं दिली, त्याने बिघाड शोधले, तो पास झाला. आता सोमवारी जाऊन सही करायची, की झाला फौजेचा टेक्निशियन. सही केली की मग वर्षानुवर्षं सुटका नाही. एकाहत्तरची लढाई लोक अजून विसरले नव्हते. आई त्या सहीचं नाव निघालं की चुलीत तोंड घालायची.

“दादाजी, अशी चालून आलेली नोकरी कोणी सोडते का गा?” नत्थूजी म्हणाले. “इथं मोठ्या कारखान्यात गेला तर आधी आडनाव पुसते, मंग काम सांगते. दोनदा जाऊन आला ना पोरगा? तिथं बिघडलेली गाडी आडनाव पुसत नाही.”

“अन् दुकान? त्याच्या हातावर चालते दुकान!”

त्याच्या हातावर! केशव समोरच बसला होता. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते, आता बोलेल, आता बोलेल. पण तो पठ्ठ्या बूट घातलेल्या पायाने जमिनीवरचा स्क्रू गोल गोल फिरवत राहिला.

रविवारी दुपारी तो नळावर सायकल धूत होता. मी बादली घेऊन गेले आणि त्याच्या समोर आदळली.

“वच्छे, जाऊ का नको?” त्याने विचारलं. वर न पाहता.

“मले काय पुसतं? मी तर कोणीच नाही.”

“असं नोको बोलू वं. मी गेलो तर बाबा दुकान देऊन टाकतीन कोणाले. मंग तू काय करशीन? त्याच्यापाई मन होऊन नाही राहिलं.”

मला आणखीच संताप आला. म्हणजे याच्या न जाण्याचं ओझंही माझ्याच डोक्यावर! “माह्या नावानं थांबू नोको,” मी म्हटलं. “अन् माह्या नावानं जाऊ बी नोको. तुह्या मनात काय हाय ते सांग.”

केशवने ओलं फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

“मले त्या स्टुलावर नाही बसाचं. लोक येते, पाठ थोपटते, काय हात हाय म्हणते. तुह्या हाताची वाहवा मी खाऊन राहिलो, इतकी वर्सं. घास अटकते वं आता. तिथं जे जमन ते माह्या हाताचं राहीन. नाही जमलं तरी माह्याच हाताचं.”

तो हे बोलला आणि माझा राग क्षणभर जागेवरून हलला. खोटं कशाला सांगू, भाऊ आवडला मला त्या वेळी. पण क्षणभरच.

“मंग हेच बाबाले सांग ना!”

“हिंमत नाही होत.”

“वा रे वा! फौजेत जाऊन राहिला, अन् बापापुढं बोलाची हिंमत नाही!”

तो हसला. मी नाही हसले. बादली भरली आणि पाय आपटत घरात आले.

सोमवारी तो नत्थूजींबरोबर कामठीला गेला आणि सही करून आला. बाबांच्या पाया पडून म्हणाला, “बाबा, केली सही.” बाबांनी पाय मागे घेतले. बस, एवढंच बोलला तो. पडद्याबद्दल अक्षर नाही. मी उंबऱ्याशी उभी राहून वाट पाहत होते, ती फुकट गेली. आईने गोडाचं करायला घेतलं, रडत रडत कढई पुसली, आणि लोक येऊन अभिनंदन करून गेले. पुढच्या आठवड्यात तो गाडीत बसला. बाबा स्टेशनवर आले खरे, पण गाडी हलली तेव्हा ते भलत्याच डब्याकडे हात हलवत होते. मी त्यांचं मनगट धरून केशवच्या खिडकीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानाला कुलूप घातलं. ऐन उन्हाळा, बाहेर जळक्या मोटरींची रांग, आणि हे दारातल्या बाकावर बसून येणाऱ्याला सांगतात, “पोरगा फौजेत गेला, दुकान बंद.” एक टायरवाला येऊन जागा मोजून गेला. पडद्यामागे मी भरलेल्या तीन मोटरी वार्निशच्या वासात तशाच पडून. त्यांच्याकडे पाहिलं आणि मी घराच्या दाराने बाहेर आले.

“बाबा, टायरवाल्याले नाही म्हणा. मी बसते दुकानात.”

“याड लागलं का तुले? हजार परकारचे लोक येते. पोरीले स्टुलावर बसवून पोट भरते म्हणतीन मले.”

“आतमंधी बसवून भरलं तेव्हा नाही म्हटलं कोणी?”

“वच्छला!”

“नाही, आज बोलू द्या मले. दीक्षा घेतली तेव्हा मी तुमच्या खांद्यावर होती. तुमीच सांगता सगळ्यायले. पांढरे कपडे घालून तुमी उभे राहिले, बाजूले आई उभी होती. जे तुमी म्हटलं थेच आईनं म्हटलं. बायकायची दीक्षा येगळी होती का, बाबा? पडद्यामांगं झाली होती का?”

आई दारात आली आणि तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता बाबांचा हात उठणार. उठला असता तर मी हललेही नसते. पण ते नुसते समोर रस्त्याकडे पाहत राहिले, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, “तोंड लय चालून राहिलं तुहं.”

तेवढ्यात रिक्षा थांबली. चंपतराव उतरले, मागून रिक्षावाल्याने पंपाची मोटर उतरवली.

“दादाजी, दुसऱ्या विहिरीवरची मोटर जळली गा. मिरची उभी हाय वावरात, दोन दिवसांत पाणी नाही भेटलं तर वाळन. आजच्या आज भरा.”

“दुकान बंद झालं, चंपतराव. पोरगा फौजेत गेला.”

“बरं झालं, चांगलं झालं. पोरगा गेला फौजेत,” चंपतराव कपाळ पुसत म्हणाले. “अन् भरणारी कुठी गेली?”

बाबांनी मान वर केली.

“कोण भरणारी?” बाबा म्हणाले.

“अजी, काहून लपवता? दोन सालामांगं बेअरिंग बदलाले मोटर खोलली, तं आतमंधी हिरव्या बांगडीचा तुकडा. आता केशव काही बांगड्या घालत नव्हता.” आणि ते मोठ्याने हसले. “मौद्यात आमाले सगळ्यायले मालूम हाय. रामटेकवाले बी आणते ना तुमच्याकडं मोटरी, त्यायले बी मालूम. मोटर चांगली चालते, मंग आपल्याले काय कराचं, म्हणून बोललो नाही. तुमची इज्जत तुमच्यापाशी.”

म्हणजे तो रामराम! दोन वर्षं म्हातारा मलाच रामराम घालत होता, आणि मी त्याला तिरळा म्हणत होते. मला हसू यावं की रडू, कळेना. मग दोन्ही बाजूला सारून पुन्हा रागच आला. माझ्या हातचं काम सगळ्या मुलखाला ठाऊक, मौद्याला ठाऊक, रामटेकला ठाऊक. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या घरात, जिथे रोज माझ्या बोटांच्या चिरांना आई खोबरेल लावत होती. पडदा मग कोणासाठी होता?

चंपतरावांनी मोटर बाबांसमोर ठेवली नाही. रिक्षावाल्याला सांगून माझ्या पायाशी ठेववली.

“कधी देशीन, बाई?”

मी बाबांकडे पाहिलं. माझी इच्छा होती, निदान हे उत्तर तरी त्यांनी द्यावं. त्यांनी कंबरेची किल्ली काढली, उठून कुलूप चाचपलं. किल्ली भोकाला सापडेना. एकदा, दोनदा घसरली. मी पुढे झाले नाही. दुष्टपणा म्हणा हवं तर, पण ते कुलूप त्यांनी घातलं होतं. चंपतराव हात पुढे करायला गेले तर मी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. शेवटी किल्ली बसली.

“उद्या संध्याकाळी घेऊन जा,” बाबा दाराकडे तोंड करून म्हणाले. मग थांबून, “वच्छला भरन.”

एवढे दोन शब्द. ते बोलायला भाऊ फौजेत जावा लागला, आणि परक्या माणसाला मौद्याहून यावं लागलं. मी काही त्यांच्या गळ्यात पडले नाही. आत गेले, लुगड्याचा पडदा दांडीवरून ओढून काढला आणि फाडून त्याची पुसायची फडकी केली. बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि समोरच्या फळीवर ठेवल्या. पडू नयेत म्हणून आईने त्या भिंतीकडे सरकवल्या. केशवच्या स्टुलावर बसून मी चंपतरावांची मोटर उघडायला घेतली. बिघाड शोधणं त्याचं काम होतं, तेही आता मलाच शिकायचं होतं. पाना दोनदा निसटला. केशवची फार आठवण आली.

दुपारी हातात पंखा घेऊन एक नवखा माणूस आला. बाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर, कडेला बसले होते.

“मिस्त्री कोण हाय इथं?” त्याने त्यांनाच विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही. हात तेवढा उचलला आणि दोन हातांवर बसलेल्या माझ्याकडे बोट केलं.