देशी राजाची एक उडी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी राजा आहे. माझा पांढरा रंग केव्हाच उडाला. हसनाबादच्या भिवा सुताराने सागाच्या तुकड्यातून मला घडवले. दुर्गाबाई नव्या नवरीच्या वयात माझ्याशी खेळू लागली, ती आता सत्तरीला आली. आम्ही दोघेही थकलो आहोत.

दुर्गाबाई देशी बुद्धिबळ खेळायची. त्यात प्यादे एकेकच घर चाले. मला मात्र डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. त्या उडीचे गावात फार कौतुक होते. नात आकांक्षा हाच खेळ तिच्याजवळ शिकली. पुढे शाळेत तिने स्पर्धेचे नियम पाठ केले.

मंठ्याच्या स्पर्धेत पट आपापला न्यायचा होता, म्हणून मीही गेलो. जिंकणारी मुलगी जिल्ह्याला जाणार होती. शेवटचा डाव अंकुशनगरच्या मोनालीशी पडला. आकांक्षाने सुरुवात झकास केली. माझ्यापुढचे प्यादे दोन घरे गेले, उंट बाहेर आला. पण मोनालीचा वजीर अंगावर येताच पोरगी गांगरली. घरच्या सवयीने तिने मला उचलले आणि उडी मारून कोपऱ्याकडे ठेवले.

"राजाला घोड्याचे पाय फुटले का गं?" मोनाली म्हणाली. सगळे हसले.

पंच राधेश्याम सर शांतपणे म्हणाले, "हे इथं चालत न्हाई, बाळ. राजाला हात लावला ना, मंग राजाच चालवावा लागंल."

किल्लेकोट करून हत्तीच्या आड जावे तर घोडा वाटेत होता. मला एकच घर मोकळे होते, तेही उघड्यावर. मी तिथे गेलो आणि थोड्याच चालींत मात झाली.

घरी दुर्गाबाईने सारे ऐकले. "माझ्यापायी हरलीस. आता मी शिकवायची न्हाई," एवढेच म्हणून तिने आम्हाला डब्यात भरले. आकांक्षा मोबाइलवर खेळू लागली. आजी-नातीचे बोलणेही तुटक झाले. अंधारात मला वाळवीची भीती वाटे.

एका दुपारी झाकण उघडले. आकांक्षाने पट अंथरला आणि आजीला हाताला धरून बसवले.

"तू मला शिकवलंस. आता मी तुला स्पर्धेचे नियम शिकवते."

"माझं डोकं चालंल का आता?"

"न चालायला काय झालं? मी थांबते की."

दुर्गाबाईने पदराने माझी धूळ पुसली. पहिल्या चालीला तिने इतका वेळ घेतला की चहा गार झाला. पण नात उठली नाही.

मित्रांनो, ज्यांनी तुम्हाला पहिली चाल शिकवली, त्यांचे नियम जुने झाले म्हणून त्यांना पटावरून उठवू नका. समोर बसा, थोडे थांबा. आणि आम्हा लाकडी सोंगट्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा.