लाल चिंधीची बाटली

"ती बाटली आधी खाली काढा!" घरमालकीण फ्राऊ केलर वरच्या खिडकीतून ओरडल्या. "अंगणात काहीही टांगायचं नाही. घराच्या नियमांत, हाउसऑर्डनुंगमध्ये, स्पष्ट लिहिलंय. वेस्पेन घरात शिरताहेत!"

'वेस्पेन' हा शब्द स्नेहलताला नवीन होता, पण त्या गांधीलमाश्या डोळ्यांसमोरच भिरभिरत होत्या. अंगणातल्या फुलझाडांजवळच्या तारेला तिने औषधाची रिकामी बाटली टांगली होती. आत साखरपाणी, गळ्याला लाल ब्लाउजची चिंधी. बोलावलं होतं भलत्यालाच, पण फुकटच्या पंगतीला गांधीलमाश्या आधी येऊन बसल्या होत्या.

"मी तुला सांगत होतो," श्रीपाद दारातून म्हणाला. श्रीपाद तिचा नवरा. डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करत होता, आणि 'मी तुला सांगत होतो' या विषयातली डॉक्टरेट त्याने लग्नाआधीच मिळवलेली होती.

"अहो, मी परवा पाहिलं. या फुलांसमोर हवेत थांबलं होतं. माहेरी जास्वंदीवर शिंजीर पक्षी यायचा ना, तस्संच. लांब चोच घालून मध पीत होतं."

"शिंजीर आपल्याकडे. हमिंगबर्ड अमेरिकेत. जर्मनीत दोन्ही नाहीत. तुला भास झाला असणार. काही नव्हतं तिथं."

काही नव्हतं. हे शब्द स्नेहलताने आधी एकदा ऐकले होते. मार्चमध्ये तिला तिसरा महिना होता. पोटात दुखतंय, काहीतरी बिघडलंय, असं ती सांगत होती आणि श्रीपाद तिला गरम पाणी पाजत होता. परक्या मुलखात असं वाटतंच, म्हणत होता. पुढे हॉस्पिटलातून रिकाम्या पोटाने परतताना, ट्राममध्ये, तिची समजूत घालायला तो म्हणाला होता, "अगं, अजून तसं काही नव्हतंच." अगदी चांगल्या मनाने म्हणाला होता. म्हणून तर तेव्हा तिला भांडताही आलं नाही, आणि तो राग पोटात तसाच राहिला.

"नाइन," ती वर बघून म्हणाली. म्हणजे नाही. या घरात आजवर तिच्या तोंडून विनंतीचं 'बिट्टे' आणि आभाराचं 'डांके' एवढंच निघालं होतं. फ्राऊ केलर खिडकीत थिजल्या. "टांगायचं नाही ना? नाही टांगत." हे मात्र तिने मराठीतच सांगितलं आणि बाटली काढून घरात नेली.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद विद्यापीठात गेल्यावर तिने कपाटातून त्याचा कॅमेरा काढला. या कॅमेऱ्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तिचं काम समोर उभं राहायचं. बर्फात, कारंज्यापाशी, कुणाच्या तरी मोटारीला टेकून. श्रीपाद 'हलू नकोस' म्हणायचा आणि सासरी पाठवायचा फोटो तयार व्हायचा. पण ऊन असेल तर काय फिरवायचं, सावली असेल तर काय, हे तो दर वेळी मोठ्याने बोलायचा. ऐकून ऐकून ते तिचं पाठ झालं होतं.

अंगणात तिने स्टूल मांडलं, त्यावर नवऱ्याचे जाडजूड ग्रंथ रचले आणि त्यांच्यावर कॅमेरा ठेवला. लांब तारेचं बटण उजव्या हातात. डाव्या हातात साखरपाण्याची बाटली, फुलांच्या शेजारी धरलेली. काहीही टांगलेलं नव्हतं. फ्राऊ केलरनी खिडकीतून दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांना कुठला नियम दाखवावा ते सुचलं नाही.

ऊन चढलं. खांदा भरून आला. एक गांधीलमाशी बोटावर चालत आली आणि डसली. स्नेहलताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात तिथेच राहिला. आणि नेमकं तेव्हाच ते आलं. पंख दिसेनात, नुसती गुणगुण. फुलांवरून ते बाटलीपाशी सरकलं आणि हवेत थांबलं. तिने बटण दाबलं.

"फिल्म कुणी संपवली?" आठवड्याने श्रीपाद फोटो घेऊन दुकानातून आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"मी."

त्याने भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "याला मिशा आहेत! पक्षी नाही हा. पतंग आहे, दिवसा उडणारा. आल्झो, म्हणजे बघ, मी तुला सांगत होतो..."

"नाव चुकलं माझं. पण होतं ना तिथं?" स्नेहलताचा आवाज चढला. "तुम्ही म्हणालात, काही नव्हतं. ट्राममध्येही तेच म्हणालात. होतं, अहो. तेव्हाही होतं. माझ्या पोटात होतं, मला माहीत होतं."

श्रीपादने भिंग खाली ठेवलं. फोटोत बायकोचा फक्त हात आला होता. काचेच्या हिरव्या बांगड्या, बाटली आणि बोटावर बसलेली गांधीलमाशी.

"ही चावली तुला?"

"हो."

"आणि हात हलवला नाहीस?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

त्याने फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. त्या रात्री जेवणही त्याला नीट गेलं नाही.

रविवारी ती पुन्हा बाटली घेऊन अंगणात आली. सप्टेंबर उतरणीला लागला होता, निम्मी फुलं गळून गेली होती. श्रीपाद कोट घालून मागोमाग आला.

"आण, बाटली मी धरतो."

वरची खिडकी उघडली. एरवी फ्राऊ केलर दिसल्या की 'एन्टशुल्डिगुंग', माफ करा, म्हणत पाठीत वाकणारा श्रीपाद मान वर करून म्हणाला, "आम्ही काहीही टांगलेलं नाही." तेही जर्मनमध्ये, खणखणीत.

स्नेहलता कॅमेऱ्यामागे गेली. एक गांधीलमाशी श्रीपादच्या बाहीवर उतरली आणि मनगटाकडे निघाली. तो हात मागे घेऊ लागला.

"हलायचं नाही," ती म्हणाली.

फुलांवर काही आलं नाही. श्रीपाद हात लांब करून उभा राहिला.