ज्याचा त्याचा पाळणा

मुक्ताबाईंचा एक नेम होता. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वस्तीत मूल जन्मलं की त्याच्या बारशाला गायला नवा पाळणा बांधायचा. एकाचा पाळणा दुसऱ्याला द्यायचा नाही. त्या मुलाच्या जन्मावेळी काय घडलं, ते पाळण्यात आलंच पाहिजे. अक्षरओळख नव्हती, म्हणून सगळं पाठ. असं सत्तर वर्षं चाललं होतं. आता त्या त्र्याण्णव वर्षांच्या होत्या आणि घरात पणतीचं बारसं होतं.

पण ओळी टिकत नव्हत्या. सकाळी जुळलेली ओळ दुपारच्या जेवणाबरोबर उडून जाई. आठ दिवस असंच चाललं.

नातू सत्यम म्हणाला, "आजी, जुनाच एखादा म्हण. नाव बदल फक्त. कुणाला कळतंय?"

"तुझ्या लग्नात शेजारच्या सुहासची पत्रिका नाव बदलून वाटली असती, तर चाललं असतं का रं?"

सत्यम हसत निघून गेला. मुक्ताबाई मात्र हसल्या नाहीत. या पोरीला तिचा स्वतःचा पाळणा मिळाला नाही, तर आपण नुसत्याच जगत राहिलो, असं त्यांना वाटत होतं.

बारशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली. पोरीचं नाव सम्यका ठेवलं. बायका पाळण्याभोवती बसल्या. मुक्ताबाईंनी दोरी हातात घेतली, डोळे मिटले, आणि काय नवल! ओळी आपसूक येऊ लागल्या. आवाज कापरा होता, पण शब्द कुठं अडेना.

"रोपाची मूठ हाती, चिखल पायाला,
बांधावर आलं बाळ बघाया मायेला..."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांतल्या नंदाबाईला हसू आवरेना. "आत्या, पोरगी थंडीत झाली, दवाखान्यात! ह्यात भाताची लावणी कुटनं आली?"

मुक्ताबाईंची दोरी थांबली. काय झालं ते त्यांना कळलं. सत्तर वर्षांत न झालेली चूक आज, घरच्याच पोरीच्या बारशाला झाली होती. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात दाराशी बसलेला निवृत्ती उठून उभा राहिला. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला, एकोणसत्तर वर्षांचा, डोक्याला टक्कल.

"थांबू नका मावशी, म्हणा पुढं! ह्यो माझा हाय."

"तुजा?"

"मी लावणीत झालतो, बांधावर. मुक्तानं तुझ्यावर पाळणा बांधलाय, असं आई सांगायची. पर तिला दोनच शब्द येत हुते. मी आजवर ऐकलाच न्हाई."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "हिराचा व्हय तू! बस मग हितं."

निवृत्ती पाळण्याजवळ मांडी घालून बसला. मुक्ताबाईंनी त्याचा पाळणा शेवटपर्यंत म्हटला. मघाशी हसणाऱ्या नंदाबाईनंच जो जो धरला. निवृत्ती उपरण्यानं नाक पुसत राहिला.

"झालं तुजं," मुक्ताबाई म्हणाल्या. "सरक आता. पोरीचा राहिलाय." त्या नातसुनेकडं वळल्या. "अपेक्षा, परत सांग. दवाखान्यात जाताना काय झालतं?"

"आजी, रविवार होता ना. पर्यटकांच्या गाड्यांत आमची रिक्षा अडकली. मी ओरडतेय, कुणी हलेना. मग एका कणीसवाल्यानं आपली हातगाडी रस्त्यात आडवी लावली, गाड्या थांबवल्या आणि आम्हाला वाट दिली."

मुक्ताबाईंनी पुन्हा डोळे मिटले. दोरी हळूहळू हलत होती. कपांतला चहा गार झाला, पण कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले.

"लोणावळ्याच्या रस्त्याला गाड्यांची दाटी,
कणीसवाल्यानं केली वाट तुझ्यासाठी..."

बायका वाट बघत राहिल्या. पुढं काही आलं नाही.

"एवढाच?" नंदाबाईनं हळूच विचारलं.

"पोरगी तरी केवढी हाय? आज एवढाच. बाकीचा चालाय लागली की."

"तवर तुमी..." म्हणता म्हणता नंदाबाईनं जीभ चावली.

"मी कुटं जाती? काम राहिलंय न्हवं!"

सगळे हसले आणि घुगऱ्या वाटायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा पोरीला न्हाऊ घालत होती. मुक्ताबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला.

"त्या कणीसवाल्याचं नाव काय गं?"

"विचारायचं राहिलंच आजी."

"मग सत्यमला धाड आन् इचारून घे. त्याबिगर पुढचं कडवं बसत न्हाई."